फाट्यावर उतरल्यावर

पुण्याहून कात्रजचा बोगदा ओलांडला, की बंगळूरकडे जाणारा महामार्ग भोर तालुक्यात उतरतो. आधी शिंदेवाडी आणि वेळू, मध्ये खेड शिवापूरचा हवेलीतला तुकडा, मग वरवे, नसरापूर, कापूरहोळ, किकवी आणि नीरेच्या पुलाअलीकडचे सारोळे. जुन्या लोकांच्या तोंडी अजून ‘नॅशनल हायवे फोर’ असलेला हा रस्ता आता कागदोपत्री ४८ क्रमांकाचा आहे आणि त्याच्या पुणे-सातारा टप्प्याचे सहापदरीकरण २०१० मध्ये सुरू झाले. भोरचा, आणि सरकारदरबारी आता राजगड म्हणवणाऱ्या वेल्ह्याचाही, बाहेरच्या जगाशी संबंध मुख्यतः याच रस्त्याने येतो आणि तो येतो फाट्यावर. थेट एसटी मिळाली तर ठीक. नाही तर वेल्ह्याचा माणूस चेलाडीला, म्हणजे नसरापूर फाट्यावर उतरतो आणि भोरचा कापूरहोळला. आता नकाशा नीट पाहावा. आपल्याकडे वाहन डावीकडून चालते, त्यामुळे पुण्याहून दक्षिणेकडे येणारी गाडी प्रवाशाला रस्त्याच्या पूर्वेच्या अंगाला उतरवते. भोर आणि वेल्हे दोन्ही पश्चिमेला. म्हणजे पुण्याहून येऊन फाट्यावर उतरलेल्या प्रत्येकाला, मग तो दवाखान्यातून परतणारा म्हातारा असो की कॉलेजातून येणारी मुलगी, घराकडे तोंड करायचे तर आधी महामार्गाचे सगळे पदर पार करावे लागतात. हे ओलांडणे कोणाच्या बेशिस्तीतून आलेले नाही. रस्ता कुठून कुठे जातो आणि गावे कोणत्या बाजूला आहेत, यातूनच ते ठरलेले आहे.

रस्त्यावरच्या मृत्यूंबद्दल बोलताना आपल्या डोळ्यांसमोर शहरातला सिग्नल येतो. आकडे वेगळे सांगतात. केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या अहवालानुसार २०२२ मध्ये देशात रस्ते अपघातांत १,६८,४९१ माणसे गेली. त्यांत ३२,८२५ पायी चालणारी होती, म्हणजे जवळजवळ दर पाचांत एक. एकूण मृत्यूंपैकी सुमारे ६८ टक्के ग्रामीण भागातले होते. राष्ट्रीय महामार्गांची लांबी देशातल्या एकूण रस्त्यांच्या सुमारे २ टक्केच, पण ३६ टक्के मृत्यू त्यांच्यावर झाले. हे तीन आकडे एकमेकांशेजारी ठेवले, की धोका कुठे साठला आहे ते दिसते: जिथे लांब पल्ल्याची वेगवान वाहतूक गावाच्या रोजच्या ये-जा करण्याला छेदते तिथे. शहरात कोंडी असते आणि कोंडीत वेग मरतो. आडवाटेला वाहनेच कमी असतात. फाट्यावर मात्र वेगही असतो आणि माणसेही.

हाच पेच अमेरिकेने आपल्याआधी पाहिला आहे, आणि गरिबीमुळे नव्हे. दुसऱ्या महायुद्धानंतर तिथली शहरे मोटारीच्या हिशेबाने आडवी पसरली. घरे एकीकडे, दुकाने दुसरीकडे, शाळा तिसरीकडे आणि त्यांना जोडणारे पाच-सहा पदरी रस्ते. ह्यूस्टन, फिनिक्स, अटलांटा या शहरांच्या उपनगरांत बसचा थांबा अशा रस्त्याच्या एका कडेला असतो, घरे दुसऱ्या कडेला आणि ओलांडायची अधिकृत जागा अर्धा किलोमीटर दूर. हे रस्ते धड महामार्गही नाहीत आणि धड गल्लीही नाहीत: वेग महामार्गाचा, पण दोन्ही बाजूंना दुकानांची तोंडे. २००९ मध्ये अमेरिकेत ४,१०९ पादचारी मेले होते. २०२२ मध्ये ७,५२२, म्हणजे १९८१ नंतरचा उच्चांक. यांतले बहुसंख्य मृत्यू अशाच रुंद शहरी रस्त्यांवर झाले आणि चारांतले तीन अंधारात. शतकापूर्वी त्या देशाने यावर जो उपाय शोधला तो चालणाऱ्यालाच दोषी धरण्याचा होता. लॉस एंजलिसने १९२५ मध्ये नेमून दिलेल्या जागेखेरीज रस्ता ओलांडण्यावर बंधने घातली आणि बाकीच्या शहरांनी तोच कित्ता गिरवला. जवळपास शंभर वर्षांनी, १ जानेवारी २०२३ पासून, त्याच कॅलिफोर्निया राज्याने कायदा बदलला. आता टक्कर होण्याचा तातडीचा धोका नसेल तर केवळ मध्येच रस्ता ओलांडला म्हणून पोलिसांना पादचाऱ्याला अडवता येत नाही. शंभर वर्षे दंड करून माणसे वाचली नाहीत, एवढे तरी त्यातून सिद्ध झाले.

हे का घडते, ते समजायला साधा गुणाकार पुरतो. महामार्गाच्या एका बाजूचे तीन पदर, प्रत्येकी साडेतीन मीटरचे, म्हणजे साडेदहा मीटर. धडधाकट माणूस सेकंदाला सव्वा मीटरच्या आसपास चालतो. त्याला दुभाजकापर्यंत पोचायला नऊ सेकंद लागतात. ताशी ८० किलोमीटरने येणारी गाडी तेवढ्या वेळात दोनशे मीटर येते. डोक्यावर पाटी घेतलेली म्हातारी सेकंदाला पाऊण मीटरच्या थोडी वर चालत असेल, तर तिला तेरा सेकंद लागतील आणि तेवढ्यात गाडी जवळजवळ तीनशे मीटर पुढे सरकलेली असेल. तीनशे मीटरवरची गाडी ८०च्या वेगात आहे की ११०च्या, हे रस्त्याकडेला उभ्या माणसाच्या डोळ्याला सांगता येत नाही; समोरून येणाऱ्या वस्तूचा वेग ताडण्यात माणसाचा डोळा कच्चाच आहे. आता गाडीच्या बाजूने पाहू. चालकाला समोर काही दिसल्यापासून ब्रेकवर पाय जाईपर्यंत दीड सेकंद धरला, तर ८०च्या वेगात गाडी कोरड्या रस्त्यावर थांबायला सुमारे ७० मीटर घेते. ५०च्या वेगात हेच अंतर ३५ मीटर होते आणि ३०च्या वेगात १८. रात्री डिपरचा उपयोगी उजेड साधारण पन्नास-साठ मीटरच पडतो. म्हणजे अंधारात ८०ने येणाऱ्या चालकाला माणूस दिसतो तेव्हा थांबण्याची वेळ टळून गेलेली असते. चालक शुद्धीत असला, गाडी नवी असली, ब्रेक चांगले असले तरीही. धडकेनंतरचे गणितही असेच आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते धडकेचा वेग ताशी ५० वरून ६५ किलोमीटरवर गेला, की मोटारीची समोरून धडक बसलेल्या पादचाऱ्याचा मृत्यूचा धोका साडेचार पट होतो.

यावर पहिला आक्षेप ठरलेला असतो: सोय केली तरी लोक वापरत नाहीत, भुयारी मार्ग सोडून दुभाजकावरून उड्या मारतात, मग सरकारने काय करायचे? आक्षेपातले निरीक्षण खरे आहे, निष्कर्ष चुकीचा आहे. महामार्गावरून जाणाऱ्या पादचारी पुलाचे उदाहरण घ्या. खालून कंटेनर जायचा तर साडेपाच मीटर उंची मोकळी सोडावी लागते; पुलाची जाडी धरून चढ सहा मीटरचा होतो. पंधरा सेंटिमीटरची एक पायरी धरली तर चाळीस पायऱ्या वर आणि चाळीस खाली. हातात तांदळाचे पोते किंवा कडेवर पोर असलेल्या माणसाला आपण दोन मजले चढायला आणि उतरायला सांगतो, कारण मोटारीतल्या माणसाला ब्रेकवर पाय ठेवायला लागू नये. भुयारी मार्ग थांब्यापासून तीनशे मीटरवर असेल तर जाऊन-येऊन सहाशे मीटर. त्यात पावसाळ्यात गुडघाभर पाणी आणि रात्री दिवा नाही. दुभाजकातली फट मात्र थांब्यासमोरच असते. अशा वेळी माणूस जवळची वाट धरतो. हे दुर्गुणाचे लक्षण नाही; रस्त्याचा आराखडा करणाऱ्याने आधीच गृहीत धरायला हवी अशी ही गोष्ट आहे. मोटारीसाठी आपण ती गृहीत धरतोच: वळण अवघड असेल तर चालकाला उपदेश न करता वळणाची त्रिज्या वाढवतो. मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर २०१६ पासून अपघाताच्या जागा शोधून कठडे, फलक, रस्त्याकडेचे उघडे खांब अशा बारीकसारीक दुरुस्त्या करण्यात आल्या, जोडीला देखरेख आणि वैद्यकीय मदत वाढली, आणि चार-पाच वर्षांत तिथले मृत्यू सुमारे निम्म्यावर आले. त्या काळात चालकांचा स्वभाव काही बदलला नव्हता. जी सवलत मोटारचालकाच्या चुकीला मिळते, ती पायी चालणाऱ्याच्या चुकीलाही मिळाली पाहिजे.

गंमत अशी, की चालणाऱ्या माणसाला सरकारची एक शाखा ओळखते आणि दुसरी ओळखत नाही. शिक्षण हक्क कायद्यानुसार पहिली ते पाचवीची शाळा घरापासून एक किलोमीटरच्या आत आणि सहावी ते आठवीची तीन किलोमीटरच्या आत असावी, असे नियम सांगतात. म्हणजे बारा वर्षांचे मूल रोज तीन किलोमीटर जाईल आणि तीन येईल, हे शासनाने लेखी गृहीत धरले आहे. ते कशावरून जाईल, हे मात्र कुठेच लिहिलेले नाही. रस्त्याच्या बाजूने पाहिले तर २०१८ च्या अधिसूचनेने दुभाजक असलेल्या चौपदरी व त्याहून रुंद रस्त्यांवर मोटारींना ताशी १०० किलोमीटरची कमाल मर्यादा दिली. अपघातप्रवण ठिकाण ठरवण्याची मंत्रालयाची व्याख्याही वाचण्यासारखी आहे: राष्ट्रीय महामार्गाच्या पाचशे मीटरच्या तुकड्यात तीन वर्षांत मृत्यू किंवा गंभीर दुखापतीचे पाच अपघात, किंवा दहा मृत्यू. व्याख्या शास्त्रीय आहे, पण तिचा अर्थ असा, की दुरुस्तीच्या यादीत नाव लागण्याआधी गावाने आपली माणसे मोजून द्यायची. कायद्यात आधाराची कलमे आहेत. मोटार वाहन कायद्यात २०१९ च्या दुरुस्तीने आलेले १९८अ हे कलम सांगते, की रस्त्याची रचना, बांधणी वा देखभाल मानकांप्रमाणे न झाल्याने कोणी मेले किंवा अपंग झाले, तर संबंधित यंत्रणेला, सल्लागाराला किंवा ठेकेदाराला एक लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पदपथाचा हक्क हा घटनेच्या २१ व्या कलमातल्या जगण्याच्या हक्काचा भाग असल्याचे सांगितले. हक्क मिळाला आहे. तो जमिनीवर दिसायचा आहे.

महामार्ग सोडून वेल्ह्याकडे वळले, की प्रश्नाचे रूप बदलते. नसरापूरहून आंबवणे, मार्गासनी, विंझर करत वेल्ह्याला जाणारा रस्ता किंवा खानापूरहून पाबे घाटातून येणारा रस्ता यांवर सहा पदर नाहीत. इथे अडचण साइडपट्टीची आहे. ग्रामीण रस्त्याचे डांबर मूळचे पावणेचार मीटरचे असते आणि दोन्ही बाजूंना मुरमाची पट्टी; गाडी डांबरावर आणि माणूस पट्टीवर, अशी ती न लिहिलेली वाटणी. वाहने वाढली की डांबर साडेपाच मीटर किंवा त्याहून अधिक होते, पण जमीन तेवढीच असल्यामुळे रुंदी निघते ती साइडपट्टीतून. उरलेल्या पट्टीवर पावसाळ्यात चिखल होतो, घाणेरी आणि गवत माजते, डांबराची कड अर्धी वीत उंच राहते आणि चालणारा माणूस डांबरावर येतो. त्याच महिन्यांत शनिवार-रविवारी तोरणा, राजगड आणि मढे घाटाकडे जाणाऱ्या गाड्यांची रांग लागते आणि याच दिवसांत धुके असते. रस्ता रुंद केला, म्हणजे सुधारला, असे म्हणताना कोणाची रुंदी वाढली आणि कोणाची गेली, हे विचारले जात नाही. २०११ च्या जनगणनेत वेल्हे तालुक्याची लोकसंख्या जेमतेम ५५ हजार होती, तीही सह्याद्रीच्या कुशीत वाड्या-वस्त्यांवर विखुरलेली. अशा तालुक्यात एसटी मुख्य रस्त्याने जाते आणि वस्तीपर्यंतचे उरलेले अंतर पायांनीच संपवायचे असते.

‘आता चालतो कोण? घरोघरी मोटारसायकल आली,’ हा दुसरा आक्षेप. मोटारसायकल आली हे खरेच, पण ती घरात एक असते आणि चावी बहुधा एकाच्या खिशात. बाकीचे घर चालते: शाळेतली पोरे, रानात जाणाऱ्या बाया, म्हातारी माणसे, वडापच्या जीपमधून फाट्यावर उतरणारे मजूर. देशपातळीवरही २०११ च्या जनगणनेत शेती आणि घरगुती उद्योग सोडून इतर कामांवर जाणाऱ्यांपैकी पाचांत एकाहून अधिक माणसे पायीच जात होती. शेतीवर जाणारे त्यात धरलेलेच नाहीत. शिवाय गाडी लावल्यावर गाडीवालाही पादचारीच होतो. आणि समजा, खरोखरच चालणे कमी होत असेल, तर ते का, हेही विचारायला हवे. रस्त्याची भीती वाटते म्हणून आई मुलाला मोटारसायकलवरून शाळेत धाडते, त्यामुळे शाळेसमोर आणखी गाड्या येतात, आणि उरलेल्या मुलांसाठी रस्ता आणखी धोक्याचा होतो. अमेरिकेतल्या उपनगरांत शाळेपुढे मोटारींची रांग लागते ती याच मार्गाने.

अमेरिकेचे उदाहरण भोरसाठी घेण्याचे खरे कारण पुढे आहे. जुने भोर शहर बघितले, तर राजवाडा, बाजारपेठ, शाळा आणि एसटी स्थानक यांत चालण्यापलीकडचे अंतर नाही. पंतसचिवांच्या संस्थानाची ही राजधानी मोटारीच्या आधीची आहे, म्हणून तिच्या गल्ल्या माणसाच्या पावलांच्या मापाच्या आहेत. नवी वाढ मात्र तिथे होत नाही. ती महामार्गाला लागून होते. शिंदेवाडी-वेळूपासून थेट नीरेपलीकडच्या शिरवळपर्यंत कारखाने, गोदामे, हॉटेले, एनए प्लॉटच्या पाट्या आणि गृहप्रकल्प एका ओळीत पसरत आहेत. त्यांतल्या प्रत्येकाचे तोंड महामार्गाकडे किंवा सर्व्हिस रोडकडे आहे. पाठीमागून एकमेकांना जोडणारा गल्लीवजा रस्ता जवळजवळ नसतोच. पुण्याचा नियोजित वर्तुळाकार मार्ग भोर तालुक्यात याच महामार्गाला मिळायचा आहे; तो झाला, की या पसरण्याला आणखी जोर येईल. अटलांटात जे साठ-सत्तर वर्षांत झाले ते इथे वीस वर्षांत होऊ शकते. फरक एकच, आणि तो आपल्या विरुद्ध जाणारा आहे: तिथे अशा रस्त्याकडेला चालणारी माणसे थोडी असतात, इथे पुष्कळ आहेत.

तिसरा आक्षेप सर्वांत गंभीर आहे आणि त्याला उडवून लावता येत नाही. महामार्गाने भोर-वेल्ह्याला बरेच दिले आहे. आजारी माणूस पुण्यात वेळेवर पोचतो, दूध आणि भाजी शहरात जाते, पोरांना शिरवळला नोकरी मिळते. हा वेग रोखायचा का? आणि डोंगरी तालुक्यात फूटपाथ बांधायला पैसा कुठून आणायचा? पहिल्या प्रश्नाचे उत्तर असे: शिंदेवाडी ते सारोळे हा टप्पा घ्या. त्यात पाच फाटे धरले आणि प्रत्येक फाट्यावर पाचशे मीटर वाहनांनी १००ऐवजी ५०च्या वेगाने काढले, तर प्रत्येक ठिकाणी अठरा सेकंदांऐवजी छत्तीस सेकंद लागतील. सगळे मिळून वाढ दीड मिनिटाची. खेड शिवापूरच्या टोलनाक्यावर याहून जास्त वेळ गेला तरी कोणी विकास थांबला म्हणत नाही. पैशाच्या प्रश्नाचे उत्तर शेजारच्या पुरंदर तालुक्यात आहे. पालखी मार्गांच्या चौपदरीकरणाचे भूमिपूजन पंतप्रधानांच्या हस्ते ८ नोव्हेंबर २०२१ रोजी झाले. ज्ञानेश्वर माउलींच्या आणि तुकाराम महाराजांच्या पालखीच्या या राष्ट्रीय महामार्गांना वारकऱ्यांसाठी कडेने स्वतंत्र चालण्याची वाट आराखड्यातच धरलेली आहे. त्याआधी दोन वर्षे, नोव्हेंबर २०१९ मध्ये, दिवे घाटात आळंदीला निघालेल्या दिंडीत जेसीबी शिरून दोघांचा जीव गेला होता. राष्ट्रीय महामार्गाला चालण्याची वाट देता येते, त्यासाठी जमीन घेता येते, निधी मिळतो, हे महाराष्ट्रात सिद्ध झालेले आहे. वारीला चालणाऱ्याला जे वर्षातून एकदा मिळाले ते शाळेला चालणाऱ्याला रोज का मिळू नये, याचे उत्तर अभियांत्रिकीत सापडत नाही. ते मागणी कोणी लावून धरली त्यात आहे.

करायच्या गोष्टी फारशा खर्चिक नाहीत. फाट्याला महामार्गाचा भाग न मानता गाव मानायचे: अलीकडे-पलीकडे पदर अरुंद करायचे, रम्बलर पट्टे आणि फलक लावायचे, वेगमर्यादा कॅमेऱ्याने राखायची आणि दिवे बारमाही चालू ठेवायचे. जिथे उड्डाणपूल आहे तिथे एसटीने पुलाच्या टोकाला प्रवासी न उतरवता खाली सर्व्हिस रोडवर यायचे, आणि थांबा भुयारी मार्गाच्या तोंडाशीच न्यायचा, म्हणजे जवळची वाट आणि सुरक्षित वाट एकच होईल. जिथे समपातळीवर ओलांडावे लागते तिथे दुभाजकात कठड्यामागे थांबायला जागा करायची, म्हणजे तीन-तीन पदर दोन टप्प्यांत पार होतील. गावठाणातून जाणाऱ्या रस्त्याला गटार बांधायचेच असते. त्यावर मजबूत लाद्या टाकल्या की तोच फूटपाथ होतो. शाळेसमोर झेब्रा पट्टे नुसते रंगवण्याऐवजी पट्ट्यांची जागाच फूटपाथच्या उंचीला उचलली, तर गाडीला हळू व्हावेच लागते. वेल्ह्याच्या रस्त्यांवर डांबर रुंद करताना एका बाजूला दीड मीटरची दाबलेली मुरमाची पट्टी राखायची आणि पावसाळ्याआधी तिच्यावरची झुडपे काढायची. यांतल्या बऱ्याच गोष्टींची मापे भारतीय रस्ते काँग्रेसच्या पुस्तिकांत छापून तयार आहेत. पदपथाची किमान मोकळी रुंदी १.८ मीटर असावी, हेसुद्धा.

राहतो प्रश्न वेळेचा. रस्ता पुरा झाल्यावर भुयारी मार्ग मागितला, की उत्तर येते, तरतूद नाही. मग रास्ता रोको होतो, आश्वासन मिळते आणि पुढच्या अपघातापर्यंत फाइल झोपते. आराखडा कागदावर असताना तीच गोष्ट एका रेघेने होते. त्यामुळे भोर-वेल्ह्यातल्या ग्रामसभांनी, शाळा व्यवस्थापन समित्यांनी आणि पंचायत समितीच्या सदस्यांनी रस्त्याच्या कामाची पाटी लागण्याआधीच आराखडा मागून घ्यावा आणि त्यात तीन जागा बोटाने दाखवायला लावाव्यात: एसटी कुठे थांबणार, उतरलेला माणूस कुठून ओलांडणार, आणि शाळेचे मूल कशावरून चालणार. या तिन्ही जागा दाखवता आल्या नाहीत तर आराखडा अपुरा आहे, असा ठराव करून तो जिल्हा रस्ता सुरक्षा समितीकडे पाठवावा. चालणाऱ्याची सोय निविदेत लिहून घ्या. अपघातानंतरच्या निवेदनातून ती मिळत नाही.